मैल एकशे बाराची मोरी

मित्रांनो, मी एक जुनी मोरी आहे. नाकं मुरडू नका, मी घरातली मोरी नव्हे, रस्त्याखालची. अमेरिकेच्या नैऋत्येला, जिथे काटेरी झुडपं आणि तांबड्या मातीखेरीज फारसं काही दिसत नाही, तिथल्या एका दुपदरी महामार्गाखाली मी पासष्ट वर्षं पडून आहे. वळ्या पाडलेल्या जाड पत्र्याचा, चार फूट व्यासाचा लांब नळ, एवढंच माझं रूप. रस्त्याच्या कडेला '११२ मैल' अशी पाटी आहे, तोच माझा पत्ता.

वाळवंटात पाण्याचं काय काम, असं तुम्हाला वाटेल. पण इथे वर्षातून दोन-तीनदा डोंगरावर ढग फुटतो आणि कोरडा ओढा तासाभरात दुथडी भरून वाहतो. ते पाणी पोटातून पलीकडे सोडायचं आणि रस्ता कोरडा ठेवायचा, हे माझं काम. तरुणपणी मी ते चोख केलं. दर हिवाळ्यात माणसं येऊन माझ्यातली वाळू उपसत. एकदा त्यांच्यातला एक जण माझ्या पत्र्यावर थाप मारून म्हणाला होता, "ही आपल्या सगळ्यांना पुरून उरेल."

मग बातमी आली, की या रस्त्याचा इंटरस्टेट होणार. म्हणजे चौपदरी, दोन दिशांच्या मध्ये मोकळी जागा, आणि ठरावीक ठिकाणांखेरीज कुठूनही आत शिरायचं नाही. पाहण्या झाल्या, सभा झाल्या, नकाशे बदलले. एक आराखडा मागे पडला, की दुसरा निघे. आणि दर वेळी माझ्याबद्दल एकच बोलणं व्हायचं, "आता नवीन रस्ता होणारच आहे, हिला कशाला हात लावायचा?"

अकरा वर्षं मला कुणी हात लावला नाही. वाळू कमरेपर्यंत चढली. तळ गंजला. कडेचा एक जोड उघडला आणि तिथून बाहेरची माती कणाकणाने माझ्यात सांडू लागली. वरून ट्रक गेला की मी थरथरत असे. मला ओरडता येत नाही आणि हलताही येत नाही. आपल्यामुळे काहीतरी वाईट होणार, हे कळत असूनही तसंच पडून राहणं काय असतं, ते मला ठाऊक आहे.

दोन वर्षांपूर्वी ते घडलं. ढग फुटला, पाणी माझ्या तोंडाशी अडलं आणि रस्त्यावरून वाहू लागलं. पलीकडच्या गोठ्यावरचा वेन नावाचा म्हातारा पिकअप घेऊन घरी चालला होता. गाडी वाहून गेली. तो वाचला, पण आता काठीशिवाय चालत नाही.

गेल्या ऑक्टोबरात नव्या आराखड्यासाठी दोन इंजिनियर आले. शैलजा मूळची नागपूरची, पाण्याचा हिशोब बघणारी. राज मिशिगनमधल्या ट्रॉयमध्ये वाढलेला, रस्त्याची आखणी करणारा. त्याच्या आईशी शैलजाची मैत्री, म्हणून तो तिला मावशी म्हणे. माझ्या तोंडाशी उभा राहून तो म्हणाला, "मावशी, ड्रॉइंगमध्ये हा पाइप ओके आहे. आपण दोन्ही साइडने फक्त एक्स्टेंड करतोय."

"ओके कुणी म्हटलं?"

"इन्स्पेक्शन रिपोर्टने. फोटो आहेत."

"फोटो तोंडाचे आहेत, राज. पोटाचे नाहीत."

वेनची बायको लोरीन त्यांना पाहून चालत आली होती. ती म्हणाली, "मी तीन पत्रं लिहिली. सगळ्यांनी उत्तर दिलं, की नवा रस्ता होतोय."

शैलजाने डोक्याला दिवा बांधला.

"रूल्सप्रमाणे आत जायचं नाही," राज म्हणाला.

"जात नाहीये. डोकावतेय फक्त."

पण डोकावता डोकावता ती सरपटत वीस फूट आत आली. तुम्ही असं कधीही करू नका. तिची चूकच झाली, आणि तिने पुढे अहवालात ती कबूलही केली. उघड्या जोडापाशी तिने फटीत हात घातला. कोपरापर्यंत गेला, खांद्यापर्यंत गेला. पलीकडे मातीच नव्हती. रस्त्याखाली मोठी पोकळी झाली होती.

ती मागे सरकायला गेली आणि वाळू व पत्रा यांच्यामध्ये तिचे खांदे अडकले.

"राज," ती हळू आवाजात म्हणाली, "मला मागे येता येत नाहीये."

"पाय पुल करू?"

"थांब. वरून ट्रक येतोय. तो जाऊ दे."

ट्रक आला. माझ्या कडेची माती तिच्या मानेवर सांडली. तिने डोळे मिटून घेतले. मी जीव एकवटून धरून राहिले. पत्र्याला जीव असतो की नाही, मला माहीत नाही, पण त्या वेळी मी तेच केलं.

ट्रक गेला. राजने आणि लोरीनने तिचे घोटे धरून तिला इंचाइंचाने बाहेर ओढलं. मातीने माखलेली शैलजा उठून बसली आणि पहिलं वाक्य बोलली, "फोन लाव. एक लेन आत्ताच्या आत्ता बंद करायला सांग."

संध्याकाळ व्हायच्या आत त्या लेनवरची वाहतूक थांबली. इंटरस्टेटची वाट न पाहता तीस फुटांवर नवी, माणूस उभा राहील एवढी काँक्रीटची मोरी झाली. नव्या आराखड्यात इथे पूल दाखवला आहे. त्याला किती वर्षं लागतील, कुणी सांगू शकत नाही.

माझ्यासारखी निकामी मोरी रस्त्याखाली पोकळ ठेवता येत नाही, म्हणून मला काँक्रीटने भरत आहेत. पश्चिमेकडून अर्धी भरून झाले. पूर्वेच्या तोंडातून अजून थोडं ऊन येतं. सोमवारी तेही बंद होईल. इथून मला कुणी बाहेर काढणार नाही.

मित्रांनो, मला वाईट वाटतं ते याचं नव्हे, त्या अकरा वर्षांचं. उद्या तुमच्यापैकी कुणी रस्ते आखेल, पूल बांधेल. नवं येणार म्हणून जुन्याला वाऱ्यावर सोडू नका. नवं येईपर्यंत माणसं जुन्यावरूनच घरी जात असतात.