दुसऱ्या खेपेचं रगत

पासष्ट सालच्या पावसाळ्यात आमच्या तांड्यात सहा लेकरांले ताप आला. असातसा नाही. सकाळी खेळणारं लेकरू संध्याकाळी डोळे फिरवे, हातपाय झटके, मायले वळखत नसे. दारव्ह्यापासून चार कोस आमचा तांडा, कुत्रं विचारत नाही. तिथं पुण्याहून जीप भरून डॉक्टर आले, तवाच मी समजलो का हे साधं दुखणं नाही.

मी प्रेमसिंग. तांड्यात मराठी सातवी झालेला मी एकटा, म्हून बायांची गोरबोली, आमची बंजारा भाषा, डॉक्टरले अन् डॉक्टरची मराठी बायांले सांगायचं काम माह्या गळ्यात पडलं. मोठे डॉक्टर वामनराव. माणूस भला, पण एकच गोष्ट तीनदा समजावून सांगे. तापात एकदा रगत घ्यायचं, अन् जगला त्याचं तीन हप्त्यानं पुन्हा. दोन्ही सोबत तपासले अन् दुसऱ्या रगतात रोगाची खूण वाढलेली दिसली, तरच रोग नवा थे पक्कं होते. नवा निघाला तर दर पावसाळ्यात इथं डॉक्टर राहीन, ताप आलेलं लेकरू त्याच दिवशी जीपनं नागपूरले जाईन. मी म्हटलं, बाप्पा, एवढ्याश्या रगतावर एवढं?

सहाही लेकरांले सुई लावली. आठ दिवसांत चार गेले. पाचवा पोट्टा मायनं माहेरी नेला, तो पुन्हा हाती लागला नाही. राह्यली मानी, माह्या मोठ्या भावाची पोरगी, चौदा वर्षांची. दुसऱ्या खेपेचं रगत देणारी अख्ख्या तांड्यात थे एकटी.

अन् तांड्यात बोभाटा झाला का लेकरं सुईनंच मेले. मी घसा कोरडा करून सांगितलं, अरे, लेकरं आधीच बिमार होते, म्हून तर सुई लावली. पण कोण आयकते? मानीची माय भुरीबाई, माही भाभी, मले म्हणे, "चार गेले. पाचवी माही नाही."

तीन हप्त्यानं डॉक्टर आले. लिंबाखाली टेबल मांडला. भाऊ बाबूसिंग बाजारले गेलता. अन् भाभी आली, ओढणी तोंडावरून छातीपर्यंत ओढून, मानीच्या नावानं. मानी तिच्याएवढीच उंच. मानीले तिनं वावरात धाडलं होतं. तिनं हात समोर केला, तशी माही नजर कोपराच्या वर गेली. तिथं चार बोटं पांढरी पट्टी होती, पंधरा-सोळा वर्षं ऊन न लागलेली. लग्नात दंडावर चढवलेला चुडा तिनं काढून ठेवला होता. आमच्यात हा चुडा नवरा मेल्यावरच उतरते. जित्या नवऱ्याचा चुडा तिनं लेकीपायी उतरवला होता.

डॉक्टरनं विचारलं, "हीच मानी ना?"

त्याले त्या पट्टीचं काय समजते? मले समजलं होतं. आपलेच दात, आपलेच ओठ. अन् खरं सांगतो, मले वाटलं, मायलेकीचं रगत एकच असते, फरक तो काय पडन?

"हो जी, हीच मानी."

दोन महिन्यांनी कागद आला. दोन्ही रगतांत फरक नाही, या तांड्यात नव्या रोगाचा पुरावा नाही. जीप गेली थे गेलीच.

दुसऱ्या पावसाळ्यात माही लेक हंसा तापली. पाच वर्षांची. डोळे फिरवले अन् मी बैलगाडी जुंपली. भाभीनं तिचं डोकं मांडीवर घेतलं. सरकारी दवाखान्यातल्या बाबूनं तांड्याचं नाव आयकलं, कागद काढला. म्हणे, "तुमच्या तांड्यात तो रोग नाही. मलेरिया असेल, गोळ्या द्या." माह्या तोंडात आलं होतं का थे रगत मानीचं नव्हतं. भाभीनं माह्याकडं पाह्यलं, अन् मी भेलो. सरकारले खोटं बोललो, आता कोठडी, असंच डोक्यात आलं. लेकरू मरून राह्यलं होतं अन् मी माही कातडी वाचवून राह्यलो होतो. हंसा परतीच्या वाटेवर, गाडीतच गेली.

भाभीचा मले लय राग आला. तिले गाडीतून ढकलून द्यावं वाटलं. पण चुडा तिनं काढला होता, 'हो जी' तर मीच म्हटलं होतं.

तिसऱ्या दिवशी थे आली, माह्या भावासमोर सगळं बोलली, चुड्याचंही. मग मले म्हणे, "पुण्याले चिठ्ठी टाक. माह्या नावानं टाक."

वरातीमागून घोडं, पण टाकली. वामनराव आले. रागावले नाहीत, नुसते चष्मा पुसत राह्यले. पुढं कागद आला, मानीले तोच नवा रोग झाल्ता म्हणे, खूण वर्षभरानंही रगतात होती. पण मले जे समजायचं थे सुई लावली त्याच दिवशी समजलं. सगळ्या तांड्यासमोर मानीचं रगत घेतलं. दोन चमचे असन नसन. तिनं कापूस दाबला, मग फेकला, अन् घागरी घेऊन विहिरीवर गेली. मी दारात बसून होतो. दोन भरल्या घागरी घेऊन पोट्टी परत आली अन् म्हणे, "काका, सरका जरा."

मी सरकलो.