नववा तुकडा

सोलापुरात सात रस्ता चौकाजवळच्या एका छोट्या ऑफिसात धम्मप्रिया वेबसाइट बनवायचं काम करायची. मंद्रूप गावच्या, घोंगड्या विणणाऱ्या बायकांच्या गटाची वेबसाइट तिच्याकडे आली, तेव्हा गटप्रमुख विजयमालाताईंनी एकच गोष्ट बजावून सांगितली होती, पहिल्या पानावर सगळ्या जणींचा फोटो पाहिजे.

फोटो भलताच मोठा होता. गावातल्या फोनवर तो उघडायलाच मिनिटभर लागे. म्हणून धम्मप्रियाने त्याचे उभे नऊ तुकडे केले, एकेक हलका केला आणि सांधा दिसणार नाही असे शेजारी शेजारी बसवले. आठ नीट बसले. नववा मात्र फोनवर घसरून खालच्या ओळीत जायचा. त्यात बरीचशी भिंत होती आणि कडेला बसलेली एक म्हातारी. सगळी मापं बदलायची म्हणजे पुन्हा पहिल्यापासून खटाटोप, आणि काम त्याच संध्याकाळी द्यायचं होतं. एका म्हातारीवाचून काय अडतंय, असं म्हणत तिने तो तुकडा काढून टाकला.

उद्घाटनाला ती मंद्रूपला गेली. पान झटकन उघडलं. जी ती आपला चेहरा बोटाने मोठा करून बघू लागली. म्हातारी म्हाळसाबाई तेवढी फोन डोळ्यांजवळ नेऊन या कडेपासून त्या कडेपर्यंत शोधत राहिली. शेवटी तिने विचारलं, "मी कुटं हाय गं?"

फोटोवाल्याने नीट घेतलं नसेल, असं विजयमालाताई म्हणाल्या. धम्मप्रिया शेजारीच उभी होती. तिची जीभ उचलली नाही.

म्हाळसाबाईच मग म्हणाली, "माजंच चुकलं. मी लई कडंला बसले."

ते बोलणं धम्मप्रियाच्या मनातून जाईना. दुसऱ्या दिवशी ऑफिसात येताच तिने सगळी मापं बदलली आणि नऊच्या नऊ तुकडे बसवले. तीन तास लागले. एवढे तीन तास वाचवायला आपण म्हातारीला गाळलं, या विचाराने ती आणखीच खजील झाली. फोटो दुरुस्त झाला एवढं फोनवर कळवून मोकळं होता आलं असतं. पण रविवारी तिने मंद्रूपची एसटी धरली.

म्हाळसाबाई दारात लोकर पिंजत बसली होती. धम्मप्रियाने फोन तिच्या हातात दिला.

"मावशी, तुम्ही फोटोत पहिल्यापासून होता. मीच तुम्हाला कापलं. माझं काम वाचावं म्हणून."

म्हातारीने फोटोतला आपला चेहरा बोटाने मोठा केला.

"मग त्या दिशी गप का बसलीस?"

"भ्याले."

"विजयमालाला सांगितलंस?"

"नाही."

"मग चल. माज्यासमोर सांग."

विजयमालाताईंचं घर दोन गल्ल्या पलीकडे होतं. तिथे धम्मप्रियाने सगळं पुन्हा सांगितलं, काही न लपवता. ताई रागावल्या नाहीत. आणखी कुठे असं काही गाळलंय का, एवढंच त्यांनी विचारलं. तिने नाही म्हटलं. तरी त्यांनी चष्मा लावला, वेबसाइट उघडली आणि एकेक पान वाचून तपासायला घेतलं. म्हाळसाबाई त्यांच्या शेजारी टेकली. धम्मप्रिया मात्र शेवटच्या पानापर्यंत उंबऱ्याशी उभीच राहिली. तिला कुणी बस म्हटलं नाही, आणि तिलाही तशी अपेक्षा नव्हती.