गाडीतलं मिसिंग

देऊळघाटच्या मंजुळाबाईंना एक शब्द टोचला, आणि त्या शब्दापायी एका भल्या माणसाची गावभर बदनामी झाली.

त्यांची सून राखी शाळेची गाडी चालवते. पांढरी व्हॅन, गावातल्या नऊ मुली, रोज बुलढाण्याला नेणं-आणणं. सासूला त्याचा कोण तोरा! "माही सून नऊ पोरी घेऊन चढ चढते, तुमचे लेक सायकल पंक्चर झाली तर रडतेत," असं त्या बायकांच्या तोंडावर सांगत. तर गेल्या सोमवारी गाडीचा जुना सायलेन्सर गंजून फुटला आणि व्हॅन ट्रॅक्टरसारखी फडफडायला लागली. राखीनं गावातल्याच मोईज मिस्त्रीकडून नवा बसवून घेतला. दोन दिवस गाडी कशी लोण्यासारखी चालली. गुरुवारी चढावर अडखळायला लागली. पाय दाबला की गाडी जरा विचार करायची, मग एकदम हिसका द्यायची, आणि मागं बसलेल्या मुलींची डोकी एकमेकींवर आपटायची.

राखीनं मोईजला फोन लावला. "भाऊ, गाडी मिसिंग करून राह्यली."

मंजुळाबाई ओट्यावर शेंगा फोडत होत्या. त्यांचा हात थांबला. शाळेत त्या दुसरीपर्यंतच गेलेल्या, पण हा शब्द त्यांना पक्का ठाऊक. मागं शेजारच्या गीताबाईचा नवरा दोन दिवस सापडला नव्हता तेव्हा पोलिसांनी कागदावर हेच लिहिलं होतं. मिसिंग म्हणजे गायब.

"काय गायब आहे वं गाडीतलं?"

"गायब काही नाई, आत्याबाई. इंजिन मिसिंग करते."

"तेच इचारून राह्यली मी. इंजिनातलं काय?"

राखी हसली, आणि तिथंच बिनसलं. सून हसते, उत्तर देत नाही, म्हणजे हिलाही माहीत आहे. आणि गाडी शेवटची कुणाच्या हातात होती? मोईजच्या.

मंजुळाबाईंनी आपल्या बाजूनं काही बाकी ठेवलं नव्हतं. सोमवारी गाडी घरी आली तेव्हा त्यांनी तिच्यापुढं नारळ फोडला, हळदकुंकू लावलं. सगळे आत गेल्यावर, गाडी निवली तेव्हा पोतं अंथरून आडव्या झाल्या आणि गाडीच्या पोटाखाली हात घालून काळ्या दोऱ्यात बिब्बा बांधला. पुढं लटकणारी लिंबू-मिरची लोकांना दाखवायला, खरा बंदोबस्त खाली. एवढं करूनही गाडी बिघडते म्हणजे ही नजर नव्हे. हात लागलाय कुणाचा तरी.

शुक्रवारी शाळेतल्या मोठ्या बाईंनी राखीला बोलावलं. एका मुलीच्या कपाळाला टेंगूळ आलं होतं. बाई म्हणाल्या, "सोमवारी सकाळी गाडी नीट असली तर ठीक, नाहीतर मुलींना दुसरी गाडी लावू." राखी घरी आली, ताटावर बसली आणि तशीच उठली. ते पाहून मंजुळाबाईंचं डोकं फिरलं. पिठाच्या चक्कीवर जाऊन त्यांनी सहा बायकांसमोर सांगून टाकलं, "मोईजनं आमच्या गाडीतलं सामान काढून घेतलं."

शनिवारी त्या स्वतः राखीसोबत गॅरेजवर हजर. जुना सायलेन्सर पोत्यात घालून गाडीच्या मागच्या सीटखाली ठेवलेला.

"मोठीमाय, हे भंगार काऊन आणलं?" मोईजनं विचारलं. लहानपणी त्यांच्याच अंगणात गोट्या खेळलेला तो.

"पुरावा आहे. तू काम कर आपलं."

बाकावर दोन गिऱ्हाइकं बसली होती. ती सरसावून बसली. चक्कीवरची बातमी मोईजच्याही कानावर आली होती, पण तो कामाला लागला. त्यानं इंजिन चालू केलं, सायलेन्सरच्या तोंडात फडकं कोंबलं आणि जोडावर साबणाचा फेस लावला.

"आंघोळ घालून राह्यला का गाडीले?"

"जोडातून हवा गळत असंन तर बुडबुडे येतेत, मोठीमाय. पाहा, एक नाई आला. जोड पक्का आहे."

मग त्यानं प्लग काढले. मंजुळाबाईंनी मोठ्यानं मोजले. "चार काढले. चारच लावजो." त्यानं चारही पुसून दाखवले, परत लावले. शेवटी स्टेअरिंगखाली एक वायर खुपसून हातातलं मशीन बघत बसला.

"सापडलं. सायलेन्सरच्या नळीवरचा सेन्सर बोलून नाई राह्यला. नवा लागंन. अकोल्याहून मागवतो, मंगळवारी येईल."

राखीचा चेहरा उतरला. "मंगळवारी? म्हणजे पोरी गेल्या, भाऊ."

"पाह्यलं?" मंजुळाबाई कडाडल्या. "तोच काढून घेतला यानं!"

आता मात्र मोईजचा आवाज चढला. "मोठीमाय, सेन्सर आहे जागेवर! वरून हात घालून पाह्यला मी. धुरात हवा किती आहे ते तो इंजिनले सांगते, त्यावर इंजिन पेट्रोल घेते. त्याची ही एवढी काळी वायर जाते खालून, करंगळीएवढी—"

काळी वायर.

मंजुळाबाईंना सोमवार आठवला. त्या दिवशी गाडीखाली चाचपताना बोटांना काहीतरी लागलं होतं. काळं, दोरीसारखं, बांधायला आयतं. बिब्बा हलू नये म्हणून त्यांनी ते खाली ओढून नळीशी घट्ट आवळलं होतं. तीन गाठी मारून.

कुणी पाहिलं नव्हतं. गप्प बसल्या असत्या तर मंगळवारी नवा सेन्सर आला असता, बिब्बा कचऱ्यात गेला असता, आणि मोईज चोर तो चोरच राहिला असता. त्यांनी राखीकडं पाहिलं. ती गाडीची किल्ली उगाच बोटाभोवती फिरवत होती, जशी काही उद्या ती द्यायचीच आहे कुणाला.

"मोईज, गाडीखाली जाय."

"काऊन?"

"मी सांगून राह्यली म्हणून."

तो टॉर्च घेऊन आडवा झाला. बराच वेळ नुसते पाय दिसत होते. मग एक हात बाहेर आला. तळहातावर करपलेला बिब्बा आणि अर्धा जळालेला काळा दोरा.

"वायर नळीले चिकटून वितळली," तो खालूनच म्हणाला. "नळी तापली की आतली तार तिले लागते, अन् इंजिन येडं होते. सेन्सर चांगला आहे."

"कोणी बांधलं बे हे?" बाकावरच्या एकानं विचारलं.

मोईज बाहेर आला. मंजुळाबाईंकडं त्यानं एकदाच पाहिलं. "उंदीर असंन."

"उंदीर गाठी मारते काय?"

दोघं खिदळले. मंजुळाबाईंनी पदर खोचला.

"मी बांधला. गाठी माह्या आहेत. अन् यानं सामान काढलं असं चक्कीवर बोलली तेही मीच. ज्याले हसायचं त्यानं आत्ता हसून घ्या. घरी जाऊन हसाल तर मले कळते."

कुणी हसलं नाही.

मोईजनं वितळलेला तुकडा कापला, नवी वायर जोडली, वर जाड नळी चढवली आणि ती पाइपापासून लांब, वरच्या अंगाला अडकवली. तासाभरात राखीनं गाडी चढावर घातली. सासू शेजारी, कान टवकारून. राखीनं पाय दाबला. गाडीनं विचार केला नाही, सरळ चढली.

"गेलं मिसिंग," राखी म्हणाली.

"गेलं काऊन म्हणतं? सापडलं म्हण." मग त्या एकदम ताठ झाल्या. "थांब. हे मागं काय खडखडून राह्यलं?"

"तुमचा पुरावा, आत्याबाई."

मंजुळाबाईंनी मागं वळून, सीटखाली वाकून, पोत्यात सायलेन्सरच आहे याची खात्री करून घेतली.

"घरी नको जाऊ," त्या म्हणाल्या. "चक्कीवर थांबव."

"दळण आहे?"

"दळण नाई. बोलायचं आहे."