झुंबडीचं कार्ड

कार्डावर: गर्दी. नेहमीचा शब्द. कुठेही चालतो.

मोगरा घ्या, मोगरा, हाताने मोजून!

हरवले आहेत: पांढरा सदरा, राखाडी पँट, वय अठ्ठ्याहत्तर.

झुंबड. गुळावर माश्यांची, टँकरवर घागरींची, बखरीत लुटीवर शिपायांची.

रेशमावर सूट, आज शेवटचा दिवस!

दिवाळीआधीचा रविवार, चेन्नईतला टी. नगरचा बाजार. विद्युलताबाईंनी नवऱ्याचा हात सोडून एक साडी उलगडून पाहिली, तेवढंच. वळल्या तर पुरुषोत्तमराव नाहीत.

दीड तास झाला. बाई उभ्या होत्या त्या पोलिसांच्या टेहळणी मनोऱ्यावरून तमिळमध्ये तीनदा पुकारा झाला होता. पण चाळीस वर्षं इथल्या रेल्वेत काढलेल्या त्या माणसाची तमिळ दोन वर्षांपूर्वीच पुसली गेली होती. मग इंग्रजी गेली. उरली मराठी, तीही शब्दकोशासाठी लिहिलेल्या त्यांच्या कार्डांपुरती.

"नाव पुकारलंय अम्मा, येतील," हवालदार कार्तिकेय म्हणाला.

"त्यांना स्वतःचं नाव आठवत नाही, तंबी. माईक दे मला."

"मराठीत बोलणार? इथे कुणाला कळणार?"

"एकाला कळलं की झालं."

हाकेला ते येणार नव्हते. कुणी शब्दाचा चुकीचा अर्थ सांगितला, तर आले असते. गेल्याच महिन्यात जेवताना त्यांनी बायकोला विचारलं होतं, "आपण कोण?" आणि त्याच जेवणात त्या सहज म्हणाल्या, की देवळात प्रसादाला गर्दी होती, तर ते भरल्या ताटावरून उठून ओरडले, "गर्दी नुसती असते! प्रसादावर झुंबड उडते! झुंबडीला हाव असते!"

बाईंनी माईक ओठांशी धरला.

"झुंबड म्हणजे गर्दी. दोन्ही एकच. काही फरक नाही."

खाली डोकी सरकत राहिली. कुणी वर पाहिलं नाही.

"ऐकलंत का? झुंबड म्हणजे नुसती गर्दी! तुमचं कार्ड फाडून टाकते मी!"

कार्तिकेयने पाण्याची बाटली पुढे केली. बाईंनी ती बाजूला सारली. प्रत्येक पांढऱ्या सदऱ्यापाशी त्यांची नजर थांबत होती, आणि सदरे तर शेकडो होते.

"अहो, चुकतेय ना मी?" आवाज फाटला. "मग या की भांडायला! या ना!"

सकाळी घरून निघताना पुरुषोत्तमरावांनी कानातलं ऐकायचं यंत्र काढून कार्डांच्या पेटीत ठेवलं होतं.