काळ्या पट्ट्या

वाटाण्याचे चार डबे सातव्या दिवशी फुगले आणि माझं डोकंच फिरलं. प्रत्येक घाण्यातले चोवीस डबे आम्ही प्रयोगशाळेतल्या उबदार कपाटात ठेवतो. आत काही जिवंत राहिलं असेल तर ते वाढतं, वायू सोडतं आणि झाकण वर येतं. एखादा डबा फुगला तर गळका होता म्हणून सोडून देता येतं. चार फुगले म्हणजे माल शिजलाच नाही.

आमच्याकडे डबे रिटॉर्टमध्ये शिजतात. रिटॉर्ट म्हणजे खोलीएवढा प्रेशर कुकर समजा. डब्यांच्या प्रत्येक जाळीला पांढरी पट्टी लावायची, वाफ लागली की ती काळी पडते. कच्च्या जाळ्या ज्या दारातून आत जातात त्याच दारातून शिजलेल्या बाहेर येतात, त्यामुळे कच्चं काय आणि शिजलेलं काय हे फक्त ती पट्टीच सांगते. मी त्या घाण्याच्या पट्ट्या काढून बघितल्या. नऊ नंबरच्या जाळीची पट्टी काळीकुट्ट होती, पण तिच्या पाठीवर डिंकाचे दोन थर होते. एकदा वापरलेली पट्टी कोणीतरी कच्च्या जाळीवर पुन्हा चिकटवली होती.

रिटॉर्टवर त्या दिवशी माझा सख्खा मोठा भाऊ होता.

दादानेच मला या कारखान्यात आणलं होतं. मी लेबलं चिकटवायचे. तो म्हणाला, "हे काय जन्मभर करणार? शिक." आठ वर्षं दोन-दोन पाळ्या करून त्याने मला फूड सायन्स शिकवलं. "आमची धाकटी सायंटिस्ट आहे," असं तो वॉचमनलासुद्धा ऐकवायचा. तीन महिन्यांपूर्वी माल सोडायची सही माझ्याकडे आली, तेव्हा तर तो माझ्यापेक्षा जास्त मिरवला.

मी गेटवर फोन करून त्या घाण्याचा माल भरलेला ट्रक अडवला आणि दादाला बोलावलं. तो आला, पट्टी बघितली आणि दाराला कडी लावली.

"पट्ट्या संपल्या होत्या गं. स्टोअरवाला अर्जाशिवाय देत नाही. म्हटलं, शिजणारच आहे सगळं, जुन्या लावू. एक जाळी राहिली असेल चुकून."

"चुकून? अरे, पोरं मरतील खाऊन!"

"ओरडू नकोस. डबे गळके होते म्हणून लिही."

"नाही लिहिणार."

त्याने माझ्या कानशिलात अशी भडकावली की मी टेबलावर आदळून खाली पडले. आयुष्यात पहिल्यांदा. मग माझी सटकली. मी उठले आणि त्याच्या पोटात डोकं घातलं. त्याने माझे केस धरून मला भिंतीवर आपटलं, मी त्याच्या मनगटाचा लचका तोडला. स्टूल घेऊन त्याने उबदार कपाटाची काच फोडली आणि डबे लाथांनी खोलीभर उडवले. "माझ्या घामावर सायंटिस्ट झालीस आणि मलाच गोत्यात घालतेस?" तो किंचाळत होता. माझ्या नाकातून रक्त येत होतं आणि मीही तोंडाला येईल ते बोलत होते. त्यातलं अर्धं आज आठवलं तरी लाज वाटते.

मग त्याने एक फुगलेला डबा उचलला, खिशातला स्क्रूड्रायव्हर खुपसला. फस्स करून हवा सुटली आणि घाणेरडा वास आला.

"बघ, काही होत नाही," म्हणत त्याने मूठभर वाटाणे तोंडात कोंबले.

झटापटीत त्याच्या खिशातून पडलेला पाना माझ्या हाताला लागला. तोच उचलून मी त्याच्या तोंडावर मारला, होती नव्हती तेवढी ताकद लावून. दोन दात खाली पडले. तो आडवा झाला तशी मी त्याच्या छातीवर बसले, रक्ताने भरलेल्या तोंडात बोटं घातली, घशापर्यंत. तो चावला, माझं बोट मोडलं, तरी मी ओकायला लावलंच. वाटाणे बाहेर आले. सगळे आले की नाही, देव जाणे.

"हॉस्पिटलात चल."

"दात पडले म्हणून? गप्प बस. आणि माझं नाव कुठे लिहिलंस तर मेलो मी तुला."

इथे मी माती खाल्ली. नऊ नंबरची जाळी बाद करून ट्रक रिकामा करवला, पण कागदावर कारण लिहिलं नाही. म्हटलं, सकाळी बघू. भाऊ होता माझा.

सकाळी मी त्याच्या घरी गेले. सुजलेलं तोंड घेऊन त्यानेच दार उघडलं. पापण्या अर्ध्या मिटलेल्या.

"दोघी-दोघी कशाला आलात?" तो जड जिभेने म्हणाला.

मी एकटीच होते. न शिजलेल्या बंद डब्यात तयार होणारं विष, बोटुलिझमचं, आधी डोळे धरतं, मग घसा, मग हात, मग श्वास. आठ वर्षं तेच शिकले होते मी, त्याच्याच पैशांवर.

हॉस्पिटलात डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "याचं औषध शहरात एकाच ठिकाणी आहे, आणि ते मागवायला कारखान्याचा लेखी अहवाल लागतो. काय खाल्लं, कुठल्या घाण्यातलं, चूक कोणाची, सगळं. आत्ता."

दादा खाटेवरून ऐकत होता. मी मोडलेल्या बोटाने पेन धरलं आणि सगळं लिहिलं: वापरलेल्या पट्ट्या, नऊ नंबरची जाळी, रिटॉर्टवर कोण. त्याचं नाव लिहिताना तो घशातून घरघरला. मला मारायला त्याने हात उचलायचा प्रयत्न केला. खांदा हलला, पण हात चादरीवर तसाच पडून राहिला.

मी वाकून माझा गाल त्याच्या हातापाशी नेला. "मार ना दादा," मी हुंदके देत म्हणाले, "मार मला, उचल हात." त्याची बोटं तेवढी थरथरली. डॉक्टरीणबाईंनी माझ्या पुढ्यातून कागद घेतला आणि त्या पळत सुटल्या.