भागूबाईची गोफण आणि स्कायलॅब

मित्रांनो, मी भागूबाईची गोफण. अंबाडीच्या वाखाची दोरी आणि मधोमध दगड ठेवायला विणलेली खोळ, एवढंच माझं अंग. आता जीर्ण झाले आहे, पण तोंड अजून शाबूत आहे, तेव्हा ऐका.

मला भागूबाईच्या बापाने, जळबाने, वळलं. लेक सासरी निघाली तेव्हा ताटवाटीबरोबर त्याने मलाही दिलं. ज्वारी दाण्यावर आली की भागूबाई वावरातल्या माच्यावर, म्हणजे राखणीच्या मचाणावर, उभी राहायची, आरोळी ठोकायची आणि मला गरगर फिरवून दगड सोडायची. पाखरं भुर्रकन उडून जायची. आमच्या सिद्धेश्वर गावाच्या आसपास तिच्यासारखा नेम कुणाचा नव्हता. कौतुक मात्र सगळं तिचंच, माझं नाव कोण घेतं! सुगी संपली की मी आपली खुंटीवर धूळ खात पडायचे.

गोष्ट १९७९ च्या जुलैतली. भागूबाईचा नवरा सोनाजी जवळा बाजार गावाहून घाबराघुबरा घरी आला. स्कायलॅब नावाची अमेरिकेची, पृथ्वीभोवती फिरणारी घराएवढी प्रयोगशाळा आभाळातून पडणार होती आणि कुठे पडेल ते कुणालाच ठाऊक नव्हतं. गावात एकच बोलणं, "मरायचंच हाये तर पोटभर खाऊन मरू." कुणी बकरं कापलं, कुणी कोंबड्या. सोनाजीने तर पेरणीसाठी राखलेली निम्मी ज्वारीच गिरणीतून दळून आणली.

भागूबाईने कपाळावर हात मारून घेतला. "अहो, बियाणं काहून दळलं? आता पेरायचं काय?"

"पेरून खाणार कोण? उरलेलंबी उद्या दळतो."

लेकरांची वर्षभराची भाकरी त्या उरलेल्या पोत्यात होती. मला फार वाईट वाटलं, पण खुंटीवरून मी काय करणार?

भागूबाईने शाळेतल्या अमृतराव गुरुजींना बोलावून आणलं. गुरुजींनी मला खुंटीवरून काढलं, अंगणात नेलं, दगड ठेवला आणि फिरवू लागले.

"सोनाजी, हा दगड सरळ पळायला बघतो, पण दोरी त्याला आत ओढते. म्हणून तो गोल फिरतो. वर दोरी नाही, तिथे पृथ्वीच ओढते. रॉकेटने एकदा पुरेसा वेग दिला की उपग्रह पृथ्वीभोवती फिरत राहतो. वर हवा अगदी नावाला, अडवणार कोण?"

बोलण्याच्या नादात त्यांचा हात मंदावला. मी ढिली पडले आणि दगड थेट त्यांच्याच पायावर! भागूबाईने हसू लपवायला पदर तोंडाला लावला. गुरुजी पाय चोळत म्हणाले, "घ्या! स्कायलॅबचं हेच झालं. ती नावाची हवासुद्धा सहा वर्षं घासत राहिली. वेग कमी होत गेला, तशी ती खाली खाली येत गेली."

"म्हंजे पडणारच की! आमच्यावर न्हाई पडणार, एवढं बोला."

"तसं ठामपणे सांगता येणार नाही," गुरुजी म्हणाले. ते खोटं बोलणारे नव्हते.

मग भागूबाई उठली. तिने ज्वारीचा एक दाणा नवऱ्याच्या हातावर ठेवला. "हा आपल्या घरामागच्या वावरात कुठंबी टाकून या, मला सांगू नका. मी डोळे मिटून दगड मारते. दाण्यावर बसला, तर उरलेलं मीच दळून आणते."

सोनाजी दाणा टाकून आला आणि भागूबाईने मला उचललं. डोळे मिटून! माझा केवढा अपमान! पण तिच्या हाताला नाही कसं म्हणू? दगड सुटला तो बांधापलीकडच्या चिखलात जाऊन पडला.

"पृथ्वी तर या वावरापेक्षा केवढी तरी मोठी," गुरुजी म्हणाले, "आणि त्यातही बरंचसं पाणीच."

सोनाजी उठला. "पेरायला तिफण काढतो," एवढंच म्हणाला.

उरलेलं बियाणं पेरून झालं आणि थोड्याच दिवसांत रेडिओने सांगितलं, स्कायलॅब दूर समुद्रात आणि ऑस्ट्रेलियाच्या ओसाड भागात पडली. कुणाला खरचटलंही नाही. गावाने सुटकेचा निःश्वास टाकला.

पण दळलेलं थोडंच उगवतं? दिवाळीच्या सुमारास भागूबाई मला घेऊन माच्यावर चढली. निम्म्या वावरात कणसं डुलत होती आणि निम्म्यात नुसतं गवत. सोनाजी खाली मान घालून उभा होता. हळूच म्हणाला, "भागे, लोक म्हणतात स्कायलॅब दूर पडली. आपल्या तर निम्म्या वावरावर पडली गं."

मित्रांनो, भीती वाटली तर लाजू नका, भीती कुणालाही वाटते. जाणत्या माणसाला विचारा. पण तोवर बियाण्याला हात लावू नका.