तणाची भाजी

"मावशी, डाळ राहू दे, आधी बाहेर या," शाळेची बाग बघणाऱ्या बाई स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाल्या. आवाज असा, की मावशींना वाटलं, एखादं पोर विहिरीत पडलं. शाळेला विहीर नव्हती, एवढाच काय तो आधार. मावशींनी गॅस बारीक केला आणि ओले हात पुसत त्या निघाल्या.

मावशी म्हणजे शाळेच्या स्वयंपाकीण. सात वर्षं पोरांचं दुपारचं जेवण त्यांच्याच हातचं. तिखट जिभेची बाई, पण एखाद्याने ताटात टाकलं तर तिला स्वतःलाच घास जात नसे.

मागच्या अंगणात दुसरीची चाळीस मुलं मातीने माखून रांगेत उभी होती. चेहऱ्यावर शाबासकीची वाट पाहणारं हसू. त्यांच्यामागे मेथीचा वाफा होता. म्हणजे वाफा होता, मेथी नव्हती.

"आम्ही सगळं तण काढलं," सगळ्यात पुढची चिमणी म्हणाली. ही वर्गातली सर्वांत बारकी आणि जेवायला सर्वांत कटकटी मुलगी.

चूक पोरांची नव्हती. भाजी गाडीवर उगवत नाही, हे त्यांना शिकवायचं बाईंना वेडच होतं. परवाच त्यांनी वर्गात सांगितलं होतं, टवटवीत, रसरशीत पान पौष्टिक असतं, आणि रोडावलेली रोपं, तण, सगळं मुळासकट काढायचं. उन्हाने मेथी बिचारी काड्या होऊन उभी होती आणि तिच्यामधून जाडसर पानांची, आपोआप उगवणारी घोळ मात्र मस्त फोफावली होती. मुलांनी शिकवलेलं तंतोतंत केलं. इतकं, की उपटलेली मेथी खताच्या खड्ड्यात टाकून वर शेणाचं पाणीही ओतलं.

"बारा वाजता संस्थेचे सेक्रेटरी येणार," बाई हळू म्हणाल्या. "बागेतली भाजी मुलांच्या ताटात दिसली आणि मुलांनी खाल्ली तरच बाग राहील, नाहीतर इथे गाड्यांचं पार्किंग होणार. आता काय दाखवू? बाजारातून आणून खोटं सांगू?" त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. रोज वर्ग सुटल्यावर खांदा दुखेपर्यंत त्या जमिनीला कुदळ मारणारी ती बाई होती.

मावशी वाफ्याजवळ गेल्या. त्यांची नजर घोळीवर होती. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हाच, हे त्यांना दिसत होतं. पण तोंड उघडायचं म्हणजे सात वर्षांची झाकली मूठ उघडायची.

दर शनिवारी वाफे साफ झाले, की ही घोळ भिंतीमागे उकिरड्यावर जायची. सगळे गेले की मावशी तिथे जायच्या, ताजी ताजी निवडायच्या, पिशवीत तळाशी दडपून घरी न्यायच्या. सुनेला सांगायच्या, बाजारातून आणली. चोरी नव्हती ती, पण 'मावशी शाळेच्या उकिरड्यावरचं खाते' असं कुणी म्हटलं असतं, तर पुन्हा या दारात पाऊल टाकवलं नसतं.

बाई खाली बसून मातीत बोटं फिरवत होत्या, चुकून एखादी मेथी राहिली असेल तर. मावशींना ते बघवेना.

"बाई, ही भाजीच आहे," त्या म्हणाल्या. "घोळ. आंबटसर लागते. डाळीत झकास होते."

"हे तण? अहो, मुलांना द्यायचंय. काही झालं म्हणजे? तुम्हाला कोणी सांगितलं?"

"माझ्या आईनं." मावशींनी एक देठ तोडला. "हे बघा, दूध येत नाही. अशीच दिसणारी दुसरी असते, तिला दूध येतं, ती नाही घ्यायची."

"मावशी, ऐकीव गोष्टीवर चाळीस मुलं..."

"ऐकीव कुठली!" मावशींचा आवाज चिरकला. मग त्या खाली बघत म्हणाल्या, "सात वर्षं खातेय. हीच. तुम्ही भिंतीमागे टाकता ना, ती. शनिवारी नेते मी. नातवाला याच भाजीवर वाढवलाय, धडधाकट आहे."

कान तापले होते. आता बाई काय म्हणतील, याचीच त्या वाट बघत राहिल्या.

बाईंनी घोळीचा एक देठ मोडून बघितला. "म्हणजे मी सात वर्षं मुलांना अन्न फेकायला शिकवत होते," त्या म्हणाल्या, आणि उठून त्यांनी बाह्या वर केल्या. "मला शिकवा. कुठून खुडायची?"

मग सगळ्यांनी मिळून घोळ खुडली. देठ मोडून दूध येतं का, हे प्रत्येक पोर बघत होतं. मावशींनी चार पाण्यांनी ती धुतली, बारीक चिरली आणि लसणाची फोडणी देऊन डाळीत सोडली.

सेक्रेटरी वेळेवर आले. ताटाकडे बघून म्हणाले, "मेथी होती ना?"

"ती खड्ड्यात आहे," चिमणी म्हणाली. "ती रोड होती. ही आम्ही खुडली. दूध नाही येत हिला."

बाईंनी झालं ते सगळं सांगितलं, फक्त उकिरडा वगळला. मावशींनी ते ऐकलं आणि त्यांना बाईंच्या पाया पडावंसं वाटलं.

चिमणीने ताट पुढे केलं. "मावशी, अजून."

सेक्रेटरींनीही दुसऱ्यांदा भाजी घेतली. हात धुताना सहज म्हणाले, "गाड्यांचं बघू दुसरीकडे कुठेतरी." मावशींचा जीव भांड्यात पडला. भिंतीला टेकून त्या जरा बसल्या, मग उठून पातेली घासायला घेतली.

निघताना बाईंनी त्यांना गाठलं. "शनिवारचा तास तुम्ही घ्या. रानभाज्यांचा."

"काहीतरीच काय! चौथीत शाळा सुटली माझी."

"मला तेवढंही येत नाही यातलं," बाई म्हणाल्या.

शनिवारी मावशी ठेवणीतली साडी नेसून आल्या. वर्गात शिरल्या आणि टेबलावर पिशवी ठेवली. बाकांचा आवाज झाला, सगळी दुसरी उठून उभी राहिली.

"नमस्ते, बाई."

कोण बाई आल्या म्हणून मावशींनी वळून मागे पाहिलं. दारात कोणीच नव्हतं. बागेच्या बाई तर शेवटच्या बाकावर चिमणीच्या शेजारी उभ्या होत्या, हातात कोरी वही घेऊन.